मियाटाचं झिजलेलं प्लास्टिक काढून मेटलचे पार्ट बसवायचेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुठल्या गाडीबद्दल बोलतोय आपण?

माझदा एमएक्स-५, जिला अमेरिकेत सगळे मियाटा म्हणतात ती. त्यातही पहिली पिढी, १९८९ ला शिकागोच्या ऑटो शोमध्ये आली आणि १९९७ पर्यंत बनली, ती डोळे वर करणाऱ्या हेडलाइटवाली. आपल्याकडे माझदा म्हटलं की अजूनही स्वराज माझदाची बस आठवते, तर ही त्याच जपानी कंपनीची दोन सीटची, छत उघडणारी, मागच्या चाकांवर पळणारी छोटी गाडी, वजन मॉडेलप्रमाणे साडेनऊशे ते हजार-पन्नास किलोच्या आसपास. माझी १९९४ ची आहे, मी डलासला असतो, आणि खाली जे लिहिलंय ते याच गाडीवर स्वतःच्या हाताने केलेलं आहे. तुमची पोर्शची बॉक्सटर असेल, बीएमडब्ल्यूची झेड४ असेल, तरी मापं सोडून बाकी सगळं लागू पडतं.

प्लास्टिक इतकं खराब होतंच कसं? गाडी तर गॅरेजमध्येच असते.

ऊन. छत उघडं ठेवायची गाडी आहे ही, त्यामुळे डॅशबोर्डला जेवढं ऊन लागतं तेवढं साध्या सेदानला जन्मात लागत नाही. उन्हातली अतिनील किरणं प्लास्टिकचे लांब रेणू तोडतात, मग वरचा थर आधी पांढुरका पडतो, नंतर ठिसूळ होतो, आणि मग एक दिवस स्टिरिओ काढायला म्हणून पॅनल ओढलं की क्लिपा बिस्किटासारख्या हातात येतात. त्यात हाताचा घाम, अंगठी, नखं, म्हणून दाराच्या आतल्या हँडलची वाटी, एसीच्या गोल व्हेंटच्या कडा आणि गिअरचा नॉब हे सगळ्यात आधी जातात. नंतरच्या काळातल्या बऱ्याच महागड्या गाड्यांना वेगळाच आजार आहे, तिथे प्लास्टिकवर रबरासारखा मऊ कोट असतो तो वयाने चिकट होतो, फेरारी ३६० आणि एफ४३० च्या मालकांना विचारा, बटणाला हात लावला की बोट काळं होतं. तिथे मेटल घालायची गरज नसते, तो कोट नीट काढून पुन्हा रंग दिला की काम होतं.

मग सगळंच मेटलचं करून टाकू का? एकदाची कटकट गेली.

नको. खरंच नको. हे मी सगळ्यात कळकळीने सांगतोय कारण उत्साहात हीच चूक सगळ्यांकडून होते.

प्रत्येक पार्टला तीन प्रश्न विचारायचे. याला रोज हात लागतो का? हा वाकतो तेव्हाच बसतो किंवा निघतो, असं आहे का? आणि अपघातात माझं डोकं, गुडघा किंवा छाती याच्यावर आपटेल का? हात लागतो, वाकावं लागत नाही आणि अंगावर येणार नाही, असे पार्ट मेटलसाठी उत्तम. व्हेंटच्या रिंगा, गिअर नॉब, गिअरच्या बूटाभोवतीची (म्हणजे दांड्याच्या तळाशी असलेल्या मऊ आवरणाभोवतीची) चौकट, हँडब्रेकचं बटण, दाराच्या उंबऱ्यावरची पट्टी ज्यावर आपण चढता-उतरताना बूट घासतो, काच वर-खाली करायचं हँडल (तुमच्या गाडीला पॉवर विंडो नसेल तर), हे सगळे त्यात येतात.

दाराच्या हँडलची वाटी मधली केस आहे. मी ॲल्युमिनियमची केली आणि खूश आहे, पण कडा सगळ्या गोल केल्या, कारण दार ओढताना बोटं तिथेच आत जातात.

स्टिरिओभोवतीचं मधलं मोठं पॅनल मी प्लास्टिकचंच ठेवलंय. ते क्लिपांवर वाकून बसतं, मेटलचं केलं तर वाकणार नाही, मग स्क्रूने आवळावं लागतं आणि मागचा डॅशबोर्ड तडकतो. आणि खांबांवरचं, म्हणजे समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंचं कव्हर, स्टिअरिंगखालचं गुडघ्याजवळचं पॅनल, यांना मेटल लावायचा विचारसुद्धा करू नका. अमेरिकेत गाडीच्या आतल्या भागावर डोकं आपटण्याबद्दलचा वेगळा फेडरल नियम आहे, २०१ नंबरचा, आणि कंपन्या त्या जागी प्लास्टिक घालतात ते फक्त पैसे वाचवायला घालत नाहीत.

एअरबॅगच्या आसपास काय करायचं?

काहीही नाही. पट्टी नाही, बॅज नाही, चिकटवलेली रिंग नाही. अमेरिकेतल्या १९९४ पासूनच्या मियाटात ड्रायव्हरबरोबर पॅसेंजर साइडलाही एअरबॅग आहे, ती उघडते तेव्हा वाटेत जे असेल ते समोरच्याच्या तोंडावर येतं. मी पॅसेंजर साइडच्या डॅशबोर्डला हात लावलेला नाही आणि माझ्या शेजारी मुलगी बसते, त्यामुळे लावणारही नाही.

कुठलं मेटल घ्यावं?

आतल्या पार्टना ॲल्युमिनियम, जवळजवळ नेहमी. लेथवर किंवा सीएनसीवर (कॉम्प्युटरने चालणाऱ्या मशीनवर) करायचं असेल तर ६०६१ किंवा ६०८२ ग्रेडचं मागा. पुण्यात धातूच्या दुकानात अजूनही एचई-३० म्हणतात, तो ६०८२ चाच जुना नंबर आहे, बिनधास्त घ्या. पत्रा वाकवायचा असेल तर मात्र ५०५२, कारण ६०६१ टी-६ चा (म्हणजे उष्णता देऊन कडक केलेला) पत्रा काटकोनात वाकवला की वाकावर बाहेरून बारीक चिरा पडतात, आणि त्या ॲनोडायझिंग (टाकीत विजेने ॲल्युमिनियमवर टणक थर चढवणं) झाल्यावर दिसतात तेव्हा फार उशीर झालेला असतो.

भंगारातला कास्टिंगचा तुकडा मिळाला म्हणून तो वापरू नका. कास्टिंगमध्ये सिलिकॉन भरपूर असतं, त्याला ॲनोडायझिंग केलं तर राखाडी, डागाळलेलं येतं.

उंबऱ्याच्या पट्टीला स्टेनलेस ३०४ चालतं, मुंबई-गोव्याकडे समुद्राजवळ राहत असाल तर ३१६. पितळ सुंदर दिसतं, हाताला छान लागतं, पण जड आहे, आणि रोज हात लागला की काळवंडतं. काहींना ते आवडतं. मला देवघरातल्या भांड्यांसारखं दर रविवारी घासत बसायचं नव्हतं.

वजन वाढेल ना? ही गाडी हलकी म्हणूनच तर मजा येते.

बरोबर प्रश्न आहे. ॲल्युमिनियम घनतेने एबीएस प्लास्टिकच्या अडीचपट जड असतं, स्टेनलेस साधारण साडेसातपट, पितळ आठपट. पण पार्ट छोटे आहेत, माझ्या व्हेंटच्या चारही रिंगा मिळून शंभर ग्रॅमच्या आत-बाहेर भरतात. दाराच्या अख्ख्या पॅनलला ॲल्युमिनियमचा जाड पत्रा लावायचा बेत असेल तर मग हिशोब करा. रिंगांनी काही बिघडत नाही.

माप कसं घ्यायचं?

एकदा नाही, चार वेळा घ्यायचं. पुण्याजवळ भोसरीला माझ्या मामेभावाचं वर्कशॉप आहे, दोन लेथ, एक मिलिंग. पहिल्यांदा मी त्याला व्हेंटचा व्यास व्हॉट्सॲपवर पाठवला तर त्याचा लगेच फोन, "अरे, हे माप कुठे धरून घेतलंस? एकाच ठिकाणी घेतलंस ना? प्लास्टिक आहे ते, तीस वर्षांचं, गोल राहिलंय कशावरून?" मी परत गॅरेजमध्ये गेलो, व्हर्नियर (बारीक मापं घ्यायची पट्टी) घड्याळासारखा बारा-सहा, एक-सात, तीन-नऊ असा फिरवून बघितलं तर एकाच व्हेंटमध्ये जवळजवळ अर्धा मिलिमीटरचा फरक! उन्हाच्या बाजूने तो दबला होता. चारही व्हेंटची मापं वेगवेगळी आली. तेव्हापासून मी प्रत्येक व्हेंटवर मागच्या बाजूने नंबर घालतो आणि प्रत्येक रिंग त्या त्या नंबरची करतो.

सपाट पार्टसाठी आधी पुठ्ठ्याचा साचा कापा, लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा यासाठी एकदम छान. तो बसला की सपाट स्कॅन करून त्यावरून ड्रॉइंग काढा आणि डीएक्सएफ फाइल (मशीनला समजणारं ड्रॉइंग) लेझर कटिंगवाल्याला द्या. स्कॅनमध्ये शेजारी एक स्टीलची पट्टी ठेवा म्हणजे स्केल चुकत नाही.

थ्री-डी प्रिंट करून बघावं का आधी?

हो, पण फक्त फिटिंग बघायला. पीएलए, म्हणजे प्रिंटरमधलं नेहमीचं प्लास्टिक, ६० डिग्रीच्या आसपास मऊ पडतं, टेक्ससच्या जूनमध्ये बंद गाडीत राहिलं तर वितळलेल्या चॉकलेटसारखं लोंबतं. बसवा, बघा, काढून घ्या.

रिंग थंडीत ढिली होते आणि उन्हाळ्यात व्हेंट फिरतच नाही. चूक कुठे झाली?

इथे मी स्वतः एक व्हेंट घालवलाय म्हणून सविस्तर सांगतो.

गरम झालं की सगळंच फुगतं, पण प्लास्टिक ॲल्युमिनियमच्या तीन-चारपट फुगतं. साधारण आकडे धरा, ॲल्युमिनियम मीटरला एका डिग्रीमागे २३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), एबीएस ८० च्या आसपास. आता ७० मिमी व्यासाचा व्हेंट घ्या आणि गाडी २५ डिग्रीवरून ६५ वर गेली असं समजा, जे डलासमध्ये उन्हाळ्यात दुपारी दोनला सहज होतं. प्लास्टिक व्यासात ०.२२ मिमी वाढलं, बाहेरची रिंग फक्त ०.०६ मिमी. म्हणजे ०.१६ मिमीचा फरक, आणि मी रिंग किती मोकळी ठेवली होती? ०.०५. मला वाटलं घट्ट बसली म्हणजे काम चोख झालं. पहिल्या उन्हाळ्यात ऑफिसच्या पार्किंगमधून गाडी काढली, व्हेंट माझ्याकडे वळवायला गेलो तर हलेना, रिंगेने प्लास्टिकला बाहेरून असं दाबून धरलं होतं की आतला गोळा जाम झाला, मी अंगठ्याने जोर लावला आणि आतली छोटी खुंटी टक करून तुटली. तीस वर्षं टिकलेला ओरिजिनल व्हेंट. त्या दिवशी घरी येईपर्यंत एसी लावलाच नाही.

थंडीत याच्या उलट, प्लास्टिक जास्त आकसतं आणि रिंग खुळखुळते.

उपाय सोपा आहे. रिंग व्यासात ०.२५ ते ०.३ मिमी मोकळी ठेवायची आणि तो मोकळेपणा न्यूट्रल (आंबट वास न येणाऱ्या) सिलिकॉनच्या तीन-चार छोट्या ठिपक्यांनी भरायचा, सिलिकॉन रबरासारखं दबतं आणि परत येतं. लांब पट्टीला तर हे आणखी जपायला लागतं. ३०० मिमीच्या पट्टीत हाच हिशोब ०.७ मिमीवर जातो, म्हणून दोन्ही टोकांना गोल भोकं पाडून स्क्रू आवळले तर उन्हात खालचं प्लास्टिक पोटासारखं फुगून वर येतं. एकच भोक गोल ठेवा, बाकीची लांबट करा, कानसने दोन मिनिटांचं काम आहे, आणि स्क्रूखाली नायलॉनचा वॉशर घाला म्हणजे पट्टी सरकू शकते.

गिअर नॉब पुण्यात करून आणला, बसतच नाही. आटे मारले जातात.

टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, चुकलाय, नक्की. मियाटाच्या गिअर रॉडचे आटे एम१० (१० मिमी जाडीचे) आहेत पण पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.२५. आपल्याकडे नुसतं एम१० सांगितलं की टर्नर हात लांब करून १.५ पिचचा टॅप उचलतो, कारण नेहमीचा बोल्ट तोच असतो. सुरुवातीला दोन-तीन फेरे जातो सुद्धा, म्हणून फसायला होतं, मग अडकतो, आणि आपण जोर लावला की रॉडचे आटे खराब. ड्रॉइंगवर मोठ्या अक्षरात एम१० गुणिले १.२५ लिहा आणि फोनवर परत बोलून सांगा. ड्रिल ८.८ चं, ८.५ चं नाही. शक्य असेल तर त्याच पिचचा एक बोल्ट सोबत द्या आणि म्हणा, काका, हा यात हाताने शेवटपर्यंत जायला पाहिजे. कागदापेक्षा तो बोल्ट जास्त कामाला येतो.

नॉबच्या वजनाबद्दलही विचारतात. ४५ मिमीचा भरीव गोळा ॲल्युमिनियममध्ये साधारण १३० ग्रॅम होतो, स्टीलमध्ये पावणेचारशे, पितळेत चारशेच्या वर. जड नॉबने गिअर आपल्या वजनानेच पुढे जातो असं वाटतं, शिफ्ट मऊ लागते. मला स्टीलचा जास्त आवडतो. पण दांड्याखालचं नायलॉनचं बुश (ज्यात दांडा फिरतो ती वाटी) झिजलेलं असेल आणि गिअर वरणात चमचा फिरवल्यासारखा वाटत असेल तर आधी ते बुश बदला, नॉबने तो आजार जात नाही.

आणि हो, उन्हात मेटलचा नॉब भाजतो. त्याचं तापमान प्लास्टिकएवढंच असतं, पण मेटल उष्णता हाताला झपाट्याने देतं म्हणून चटका बसतो. गाडी उभी करताना त्यावर एक कापडी पिशवी टाकून ठेवा.

चकचकीत बफिंग की मॅट?

मॅट. पहिल्या रिंगा मी आरशासारख्या बफ करून घेतल्या होत्या, टेबलावर काय दिसत होत्या! गाडीत बसवल्या आणि संध्याकाळी पश्चिमेकडे निघालो तर डाव्या व्हेंटची रिंग दाराच्या काचेत चमकायला लागली, बरोबर जिथून मी साइड मिरर बघतो तिथे. लेन बदलताना एक सेकंद काहीच दिसेना. दुसऱ्याच दिवशी काढल्या. आता बीड ब्लास्ट (काचेच्या बारीक मण्यांचा मारा) करून त्यावर ॲनोडायझिंग आहे, बोटांचे ठसेही दिसत नाहीत.

ॲनोडायझिंगबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. सगळे पार्ट एकाच धातूचे, एकाच वेळी, एकाच टाकीत द्या, नाहीतर शेड जुळत नाही, रिंग एका काळ्या रंगाची आणि हँडल दुसऱ्या. आणि स्वस्त काळा डाय, म्हणजे थरात भरायचा रंग, उन्हात जांभळट होत जातो, त्यामुळे आधीच विचारा की डाय उन्हात टिकणारा आहे का. मी शेवटी साधं रंग न दिलेलं चंदेरी घेतलं, त्यात उडायला रंगच नाही. थराची जाडी नेहमीच्या कामात ५ ते २५ मायक्रॉन असते, रिंगेला फरक पडत नाही. पावडर कोटिंग मात्र ६० ते १०० मायक्रॉन चढतं, त्याचा हिशोब मापात आधीच धरा.

चिकटवायला काय वापरू?

ॲक्रिलिक फोमची दुहेरी टेप, थ्रीएमची व्हीएचबी उत्तम. दोन्ही बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, दाबून बसवा, आणि तीन दिवस हात लावू नका, पूर्ण पकड यायला साधारण ७२ तास लागतात. काढायची वेळ आली तर हेअर ड्रायरने गरम करून दात साफ करायचा दोरा मागून करवतीसारखा ओढा.

फेविक्विक नको. त्याची वाफ काळ्या प्लास्टिकवर पांढरी बसते आणि जात नाही. आणि ॲसिटोन किंवा नेल पॉलिश रिमूव्हरने पुसायला जाऊ नका, एबीएस विरघळतं. माझ्या एका मित्राने ते केलं, पुसलेल्या जागी बोटाचा ठसा कायमचा उठलाय.

भोसरीहून करून आणणं खरंच परवडतं का?

एकच रिंग करायची असेल तर नाही. वेळ जातो तो सेटिंगमध्ये, जॉब, म्हणजे तुकडा, मशीनच्या चकमध्ये धरणं, टूल लावणं, पहिला पीस मोजणं, मग एक करा नाहीतर दहा करा, ते तेवढंच. म्हणून आम्ही ओळखीतले चार मियाटावाले मिळून ऑर्डर देतो. हलके पार्ट कुणाचे तरी आई-बाबा येताना सामानात आणतात, माझा पहिला सेट चिवड्याच्या डब्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून आला होता, एक ओरखडा नाही.

तिथले लोक फार चांगलं काम करतात, पण त्यांना ड्रॉइंग द्या. "फोटो बघून करून टाका" म्हटलं तर ते करून टाकतात, आणि मग दोष कुणाचा हे ठरवत बसावं लागतं. प्रत्येक मापाला टॉलरन्स, म्हणजे किती कमी-जास्त चालेल ते, लिहा, आणि जिथे माप महत्त्वाचं नाही तिथे तसं स्पष्ट लिहा, म्हणजे त्यांचा वेळ आणि तुमचे पैसे वाचतात. सगळ्या कडांना अर्धा मिमी चॅम्फर (तिरकी कापलेली कड), आणि हात लागतो तिथे दोन मिमी रेडियस (गोल केलेली कड), हे विसरू नका. नुसत्या लेझर कटिंगची कड ब्लेडसारखी असते.

भारतात गाडी आहे, आरटीओचा त्रास होईल का?

मियाटा भारतात कंपनीने कधी विकली नाही, पण इतर स्पोर्ट्स गाड्यांसाठी विचारतात म्हणून सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचना बदलण्याबद्दल आहे आणि सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये बदल चालणार नाही असं म्हटलंय. आतल्या व्हेंटच्या रिंगेने आरसीवरची कुठलीच नोंद बदलत नाही. पण बाहेर, पुढच्या बंपरवर मेटल लावायच्या फंदात पडू नका, क्रॅश गार्ड आणि बुल बारवर डिसेंबर २०१७ पासून केंद्राने कारवाई करायला सांगितलंय, आणि त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे, रस्त्यावरच्या माणसाला ते जीवघेणं लागतं.

कोकण, गोवा, मुंबईवाल्यांनो, ॲल्युमिनियममध्ये स्टेनलेसचा स्क्रू थेट बसवू नका. खारी ओल मध्ये आली की दोन धातूंचा बॅटरीसारखा सेल तयार होतो आणि ॲल्युमिनियम स्क्रूभोवती पांढरी भुकटी होऊन खाल्लं जातं. नायलॉनची चकती आणि आट्यांना थोडं अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं ग्रीस), एवढं पुरे.

ओरिजिनॅलिटी जाते, गाडीची किंमत कमी होते, असं म्हणतात. खरंय?

ओरिजिनल गाड्यांना मान वाढतोय हे खरंय. माझदाने स्वतः जपानमध्ये पहिल्या पिढीच्या गाड्या रिस्टोअर करायची सेवा सुरू केली, त्यासाठी बंद झालेले काही पार्ट पुन्हा बनवले. म्हणून मी एकच नियम पाळतो, मूळ गाडीत एकही नवीन भोक पाडायचं नाही. माझा प्रत्येक मेटल पार्ट मूळ स्क्रूच्या जागी बसतो किंवा टेपवर, आणि अर्ध्या दिवसात सगळं मागे नेता येतं.

काढलेलं जुनं प्लास्टिक टाकून देऊ?

अजिबात नाही, तुटलेलं असलं तरी. पुढच्या वेळी माप घ्यायला तेच लागणार आहे, आणि चिरलेल्या पार्टमधली एखादी धड क्लिप दुसरीकडे जोडता येते. मी झिपच्या पिशव्यांत घालून प्रत्येकीवर पार्टचं नाव, डावा-उजवा आणि काढल्याची तारीख लिहितो, स्क्रू त्याच पिशवीत. गॅरेजमध्ये वरच्या फळीवर नको, तिथे उन्हाळ्यात भट्टी होते, घरात कपाटाच्या तळाशी ठेवा. तो खुंटी तुटलेला व्हेंटही तिथेच आहे, मागे नंबर दोन लिहिलेला. मामेभावाने त्याची खुंटी पितळेची करून पाठवतो म्हटलंय, ड्रॉइंग मागच्या आठवड्यात दिलं.